दुखलं तर सांगा, माऊली

(दिंडीच्या शताब्दी वर्षातील कार्तिकी वारीच्या तयारीसाठी मुरबाड येथे भरलेल्या मेळाव्यात, मुक्कामावर पायांची सेवा करणाऱ्या मंडळींच्या वतीने झालेले भाषण)



दिंडीचे चालक, विणेकरी, चोपदार, पखवाजी, टाळकरी, डोईवर तुळस घेऊन चालणाऱ्या माता-भगिनी आणि सगळ्यांच्या आधी उठून चुली पेटवणारी पंगतीची मंडळी, आपणां सर्वांना आमचा दंडवत.

आम्ही मुक्कामावर गरम पाण्याचं घमेलं आणि तेलाची बाटली घेऊन बसणारी माणसं. कीर्तनकारांसमोर आम्ही काय बोलणार? पण शताब्दीच्या निमित्ताने दिंडीने सांगितलं, की यंदा पायांबद्दल चार शब्द बोला. म्हणून उभे राहिलो. आपली दिंडी शंभर वर्षं चालते आहे असं आपण अभिमानाने सांगतो. ती चालली कशावर? पताका कुणाच्या तरी खांद्यावर होती, वीणा कुणाच्या तरी गळ्यात होती, आणि त्या खांद्याखाली, त्या गळ्याखाली दोन पाय होते. आपल्या आजे-पणज्यांच्या पायांवर ही शंभर वर्षं उभी आहेत. तेव्हा पायांबद्दल बोलणं हे वारीबाहेरचं बोलणं नव्हे.

वाट सगळ्यांना पाठ आहे. मुरबाड, सरळगाव, टोकावडे, वैशाखरे आणि मग माळशेजचा चढ. घाटमाथ्यावर मढ, पुढे ओतूर, जिथे तुकोबारायांच्या गुरूंची, बाबाजी चैतन्यांची समाधी मानतात. मग आळे, जिथे माऊलींनी ज्याच्या मुखातून वेद बोलवले त्या रेड्याची समाधी आहे. तिथून नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर, चाकण आणि आळंदी. दीडशे किलोमीटरच्या वर वाट आणि रोजची मजल वीसच्या आसपास.

आपण ही वाट कार्तिकीला धरतो याला कारण आहे. आषाढीच्या दिवसांत आपल्याकडे राब तयार झालेला असतो, आवणी तोंडावर असते. पाऊस कुणासाठी थांबत नाही. म्हणून ठाणे-रायगडकडच्या पुष्कळ दिंड्या कार्तिक वद्य एकादशीला आळंदीत पोचायचं ठरवून निघतात, आणि त्रयोदशीचा समाधी सोहळा डोळ्यांत साठवून परततात. पण यात एक मेख आहे. आपण निघतो तेव्हा भात नुकतंच घरात आलेलं असतं. महिनाभर कापणी, भारे, झोडणी करून कंबर धरलेली असते. झोप अपुरी असते. म्हणजे आपण ताजेतवाने होऊन वारीला जात नाही, दमून जातो.

कुणी म्हणेल, शेतकऱ्याला चालण्याचा सराव कशाला? जन्मभर चालतोच की. खरं आहे. आपले आजे म्हशाच्या जत्रेला बैल घेऊन चालत जायचे. पण बांधावरचं चालणं वेगळं आणि डांबरावरचं वेगळं. शेतात पाऊल दर वेळी निराळं पडतं, कधी मऊ मातीत, कधी तिरकं, कधी धोंड्यावर. डांबरावर तेच पाऊल, त्याच जागी, तसंच, दिवसाला पंचवीस-तीस हजार वेळा पडतं. सगळा मार एकाच जागी बसतो. चिखलात कसलेला पाय डांबरावर तिसऱ्या दिवशी बोलायला लागतो, तो म्हणून.

जगात अशा लांब पल्ल्याचा मोठा अभ्यास झाला आहे. मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर. १९२० साली बेल्जियममधल्या अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले ती धावले आणि १९वे आले. त्याहून लांब पल्ल्याच्या शर्यतीला अल्ट्रामॅरेथॉन म्हणतात. दक्षिण आफ्रिकेत डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्ग या शहरांमध्ये कॉम्रेड्स नावाची अशी शर्यत १९२१ पासून होते, म्हणजे आपल्या दिंडीच्याच वयाची म्हणा. पहिल्या महायुद्धात गेलेल्या सोबत्यांच्या स्मरणार्थ ती सुरू झाली. अंतर सुमारे ९० किलोमीटर. आपल्या महाराष्ट्रातूनही आता लोक तिथे जातात. हल्ली तिला बारा तासांची मर्यादा आहे. बारा तास भरले की बंदूक वाजते आणि रेषेच्या एक पाऊल अलीकडे राहिलेला माणूससुद्धा बाद होतो.

आपल्या वारीत बंदूक नाही. पहिला नंबर नाही, म्हणून शेवटचाही नाही. तरी या धावणाऱ्यांकडून घेण्यासारखं पुष्कळ आहे. ते वर्षातून एका दिवसासाठी सहा-सहा महिने पाय घडवतात. त्यांनाही मध्येच दुखापत होते, तयारी मोडते, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. त्यातून ते जे शिकले, तेच आपल्या भाषेत सांगतो.

गणपती उठले की कार्तिक वद्य एकादशीला साधारण दहा आठवडे उरतात. तिथून सुरुवात करावी. पहिल्या आठवड्यात तीन दिवस, पाच-पाच किलोमीटर, ज्या चपला-बूट घालून वारी करायची तेच घालून. मग दर आठवड्याला किलोमीटर-दोन किलोमीटर वाढवा, जास्त नको. तीन आठवडे वाढवलं की चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी करा. नवरात्रात एखाद दिवशी बारा-पंधरा किलोमीटर चालून पाहा. आणि एकदा तरी लागोपाठ दोन दिवस लांब चाला, कारण वारीत खरी परीक्षा पहिल्या दिवसाची नसते. पहिल्या दिवशी सगळेच चालतात. कालचा शिणलेला पाय आज उचलायचा, ही वारी.

मध्ये कापणी येईल. तेव्हा वेगळं चालायला सवड नसते, आणि तशी गरजही नाही. संध्याकाळी दोन-तीन किलोमीटर मोकळे फिरा, पोटऱ्या ताणा, एवढं पुरे. निघायच्या आधीचा आठवडा हलका ठेवा. त्या आठवड्यात राहिलेला सराव भरून काढायला जाल तर पाय दमवून निघाल.

हळूहळू का, तेही सांगतो. दम लवकर वाढतो. तीन आठवडे चाललात की छाती साथ देते, वाटतं आता कितीही चालू. पण हाडं, सांध्याभोवतीचे बंध, टाचेच्या वरची शीर यांना तयार व्हायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. दम आहे आणि हाड तयार नाही, या काळात तरुण पोरं सापडतात. आमच्याकडे म्हाताऱ्यांपेक्षा जास्त तीच येतात. पहिल्या दोन दिवसांत पताका घेऊन सगळ्यांच्या पुढे, आणि चौथ्या दिवशी नडगी धरून रस्त्याच्या कडेला.

आता दुखण्याचं. वारीत पाय दुखणारच. पण दुखण्यादुखण्यात फरक आहे आणि तो ज्याचा त्याला ओळखता आला पाहिजे. थकव्याचं दुखणं दोन्ही पायांत असतं, पसरलेलं असतं, सकाळी काकड्याला उठताना जास्त आणि किलोमीटरभर चाललं की कमी होतं. त्याला तेल, गरम पाणी आणि झोप पुरते. इजेचं दुखणं बहुधा एकाच पायात, एकाच जागी असतं. चालू तसं वाढतं. बोट ठेवून दाखवता येतं. नडगीच्या किंवा पावलाच्या हाडावर एका बोटाने दाबलं आणि तेवढ्याच जागी कळ आली, रात्री पडल्यावरही ठणका राहिला, तर हाडाला बारीक चीर पडत असण्याचा संभव असतो. तिथे मालिश करू नये, चालू नये, डॉक्टरांना दाखवावं. अशी चीर वेळेवर थांबलं तर काही आठवड्यांत भरते. रेटून चाललं तर हाड पुरतं मोडू शकतं.

फोडांचं साधं आहे. घासणं, ओल आणि उष्णता एकत्र आली की फोड येतो. जागा लाल होऊन चुरचुरायला लागली की तिथेच थांबून चिकटपट्टी लावा. पाच मिनिटांचं काम आहे. फोड आलाच तर वरची कातडी सोलू नका, तीच त्याची पट्टी. फार टरारला असेल तर आमच्याकडे या. निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढू आणि झाकू. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी मात्र फोडाला हात लावायचा नाही आणि लावू द्यायचा नाही, डॉक्टरांकडेच जायचं. चिखल्या आपल्याकडे आवणीपासूनच बोटांच्या बेचक्यांत बसलेल्या असतात. त्या निघायच्या आधी बऱ्या करा. पाय धुतल्यावर बेचकं कोरडं पुसायचं आणि औषध लावायचं. नखं आठवडाभर आधी सरळ कापा. नवी चप्पल वारीत काढू नका, आणि दिवसभर चालून पाय सुजतो म्हणून बूट जरासा सैलच असू द्या.

अनवाणी वारीचा नेम असणाऱ्यांना आम्ही अडवत नाही. पण तळवे महिनोन्महिने तयार करावे लागतात. दुपारी डांबर तापलं की कडेच्या मातीवरून चाला. मधुमेहाने ज्यांच्या तळव्याची जाणीव कमी झाली आहे त्यांनी हा नेम धरू नये, हे हात जोडून सांगतो.

पाण्याबद्दल माता-भगिनींसाठी खास बोलायचं आहे. तुम्ही दिवसभर पाणी कमी पिता, आणि का ते सगळ्यांना ठाऊक आहे. हमरस्त्यावर आडोसा नसतो. मग दुपारी डोकं दुखतं, पोटरीत गोळे येतात, लघवीला जळजळ होते. हा दोष तुमचा नाही, सोय करणं दिंडीचं काम आहे. म्हणून आमचं मागणं आहे, की शताब्दीच्या खर्चात मंडपाची एखादी कमान कमी झाली तरी चालेल, पण प्रत्येक विसाव्यावर बायकांसाठी स्वच्छ, बंदिस्त सोय हवी. ती झाली तर निम्मी दुखणी तिथेच मिटतील.

तहान लागेल तसं पाणी प्या. नुसतं पाणी ढोसूही नका. घामावाटे मीठही जातं. ताक, मीठ-साखर घातलेलं लिंबूसरबत किंवा क्षारसंजीवनी मधूनमधून घ्या. एकादशीच्या उपासाला गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारा. आणि दुखण्याच्या गोळ्या रिकाम्या पोटी, पाणी न पिता, घेत घेत चालू नका. त्याने मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. शिवाय गोळीने दुखणं झाकलं जातं, इजा तशीच राहते.

छातीत दाब, हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम, एकाएकी लागलेली धाप, उन्हात बडबड किंवा भ्रम, एकाच पोटरीला आलेली गरम सूज, यांतलं काही दिसलं तर भजन संपायची वाट पाहायची नाही. तिथेच बसवा, आम्हांला हाक मारा, १०८ ला फोन लावा.

इतकं सगळं सांगितलं, पण मुख्य सांगायचं पुढेच आहे. इतकी वर्षं पाय पाहून आमची खात्री झाली आहे, की वारीत पायांचा खरा शत्रू डांबर नाही, घाट नाही, वयही नाही. शत्रू आहे लपवाछपवी. माणूस दुखणं सांगत नाही. एक आजी तीन दिवस पायाला फडकं गुंडाळून चालल्या, कुणाला बघू दिलं नाही. चौथ्या दिवशी वास आला तेव्हा कळलं. साखरेचा आजार, टाचेला जखम. पुढे कित्येक महिने त्या उंबरठ्याबाहेर पडू शकल्या नाहीत. आळंदी तर राहिलीच, घरासमोरच्या देवळातला हरिपाठही राहिला. का सांगितलं नाहीत, असं विचारलं तर म्हणाल्या, "गाडीत बसवलं असतंत. वारी चुकली असती."

ही भीती प्रत्येकाच्या मनात आहे. गाडीत बसलो तर नेम मोडला. लोक काय म्हणतील. बापाने चाळीस वर्षं पायी केली आणि मी टेम्पोत बसलो! म्हणून आज संतांच्याच दाखल्याने बोलायचं आहे.

कूर्मदासांची कथा कीर्तनात आपण सगळ्यांनी ऐकली आहे. पैठणचे कूर्मदास, त्यांना हातपाय नव्हते. कार्तिकीचं माहात्म्य ऐकलं आणि लोळत, पोटाने सरपटत ते पंढरीला निघाले. पण माढे तालुक्यातल्या लऊळपाशी ते आले आणि शरीर थकलं. अंग सोलवटलेलं, पंढरपूर अजून काही कोस. तेव्हा त्यांनी काय केलं? वाटेने जाणाऱ्या वारकऱ्यांजवळ देवाला निरोप धाडला, की आता माझ्याने पुढे येववत नाही. आणि कथा सांगते, की पांडुरंग स्वतः लऊळला आला. आजही तिथे त्यांची समाधी आहे.

मंडळी, ही कथा आपण जिद्दीची म्हणून ऐकतो. ती जिद्दीची आहेच. पण तिचा दुसरा अर्धा भागही ऐका. कूर्मदासांनी लपवलं नाही. जमत नाही हे त्यांनी मोकळेपणी सांगितलं, आणि ज्यांना सांगितलं त्यांनी त्यांना हिणवलं नाही, निरोप पोचवला. ते कुणीही कूर्मदासांची वारी चुकली असं म्हणत नाही. उलट त्यांचं नाव संतांच्या मांदियाळीत आहे.

आणि जुनी कथा पुरत नसेल तर आपल्या डोळ्यांदेखतचं घ्या. करोनाच्या साथीत, २०२० आणि २०२१ च्या आषाढीला, प्रत्यक्ष माऊलींच्या पादुका एसटी बसमधून पंढरपूरला गेल्या. मोजकेच वारकरी सोबत होते. बाकी लाखो माणसं घरी बसून डोळे पुसत होती. त्या वर्षी वारी चुकली असं कुणी म्हटलं का? परंपरा अखंड राहिली असंच आपण म्हणतो. माऊलींच्या पादुका गाडीत बसल्या तरी वारी अखंड राहते, मग टाच फुटलेली आपली आजी गाडीत बसली तर ती कशी मोडेल?

म्हणून यंदा तीन गोष्टी करू या.

पहिली, रोज मुक्कामावर हरिपाठ झाला की पंगतीआधी पाय दाखवायचे. सगळ्यांनी. विणेकऱ्यांनी आणि चालकांनी सगळ्यांत आधी, म्हणजे इतरांचा संकोच जाईल.

दुसरी, गाडीत बसणाऱ्याला रिकामा बसवायचा नाही. त्याने पुढच्या मुक्कामाची भाजी निवडावी, जागेची व्यवस्था पाहावी, विसाव्यावर दिंडी आली की तुळशीला पाणी घालावं. ज्याच्या हाती सेवा आहे त्याला आपण ओझं झालो असं वाटत नाही. पाय बरा झाला, की शेवटच्या दोन किलोमीटरला त्याने पुन्हा टाळ घेऊन उतरावं. सगळी वाट जमली नाही म्हणून थोडीही चालायची नाही असा आपला धर्म नाही.

तिसरी गोष्ट तरुणांसाठी. दिंडीचा वेग सगळ्यांत सावकाश चालणाऱ्याच्या वेगाने ठरेल. घाटात आणि पुणे-नाशिक रस्त्यावर पहाटेच्या अंधारात ओळ सोडायची नाही. पुढच्या आणि मागच्या पताकेजवळ चमकणारी पट्टी लावलेला स्वयंसेवक राहील, त्याच्या पुढे-मागे कुणी जायचं नाही.

आणि ज्यांचा सराव यंदा मध्येच मोडला, कापणीत पाठ धरली, गुडघा सुजला, त्यांनाही सांगायचं आहे. घरी बसून कुढू नका. दुखणं उतरलं की जिथे थांबलात तिथून नव्हे, त्याच्या निम्म्यापासून सुरू करा. दुसऱ्या दिवशी पाय कालच्यापेक्षा जास्त दुखला नाही तर पुढे वाढवा. दुखला तर दोन दिवस थांबा. एवढं करूनही एकादशीपर्यंत जमलं नाही तर दिंडी मुरबाडातून निघेल तेव्हा वेशीपर्यंत या, पुढचं पुढच्या वर्षी. घरी परतल्यावर नांगर धरायचा आहे, नातवंडं उचलायची आहेत, त्यालाही हेच पाय लागणार आहेत.

शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी ही पताका उचलली त्यांच्यापाशी ना गाडी होती ना औषधाची पेटी. कुणाचा पाय चालेनासा झाला तर दुसऱ्याचा खांदा, एवढंच होतं. आज पेटी आहे, गाडी आहे, फोन आहे. पण दुसऱ्याला खांदा द्यायचा तर आधी त्याचं दुखणं कळायला हवं. तेवढं आमच्यावर उपकार म्हणून करा. दुखलं तर सांगा, माऊली. आम्ही घमेलं घेऊन बसलेलेच असू.

पुंडलिक वरदे हारी विठ्ठल!